अंगावरून जाणं, अंगावर काढणं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय सांगितला की काही घरांत रेडिओचा आवाज जरा कमी केला जाईल, याची मला कल्पना आहे. कमी करा, पण बंद करू नका. मी बोलणार आहे योनीमार्गाला होणाऱ्या बुरशीच्या संसर्गाबद्दल. खाज, आग, आणि अंगावरून जाणारं दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं. हा आजार जिवावर बेतणारा नाही. त्यावरचं औषध महाग नाही आणि बहुतेक वेळा ते एका दिवसात, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांत घेऊन संपतं. तरीही बायका तो महिनोन्महिने अंगावर काढतात, किंवा भलतंच औषध घेत राहतात.

पहिली अडचण शब्दांचीच आहे. गेली कित्येक वर्षं मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. माझ्यासमोर बसलेली बाई 'योनी' हा शब्द कधी उच्चारत नाही. 'खाली त्रास होतो', 'जागेवर खाज येते', 'पांढरं जातं' असं म्हणते. वयस्कर बाई असेल तर 'धुपणी लागलीय' म्हणते. सोबत सासूबाई किंवा नवरा असेल तर तेवढंही तोंडातून निघत नाही. मग कंबर दुखते, चक्कर येते, जेवण जात नाही, असं सगळं सांगून होतं. उठून दाराशी गेल्यावर ती हळूच मागे वळते आणि म्हणते, 'बाई, अजून एक विचारायचं होतं.' ते 'अजून एक' हेच तिच्या येण्याचं कारण असतं.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि आधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांखेरीज बाईच्या शरीराला आणखी काही होत असेल, हे तोवर आरोग्याची धोरणं आखणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. त्याला आता साडेतीन दशकं होऊन गेली. रस्ते झाले, दवाखाने झाले, हातात मोबाइल आले. दाराशी जाऊन मागे वळणारी बाई मला अजून रोज भेटते.

आधी पांढऱ्याची भीती घालवू या. रक्ताचे शंभर थेंब आटले की एक थेंब पांढरा होतो, पांढरं गेलं की हाडं झिजतात, असं आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. यात तथ्य नाही. योनीमार्ग सतत थोडा ओला राहतो आणि तसाच तो राहायला हवा. तिथे दुधाचं दही करणाऱ्या जंतूंच्या कुळातलेच काही जंतू वस्तीला असतात. आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी १८९२ साली त्यांचं वर्णन केलं. हे जंतू आम्ल तयार करतात. त्यामुळे योनीमार्गात साधारण ताकाइतका आंबटपणा राहतो आणि बाहेरच्या उपद्रवी जंतूंना तिथे सहजासहजी थारा मिळत नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत हा स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ आणि चिकट असतो, पाळी जवळ आली की दाट आणि पांढरट होतो, दिवस गेले की वाढतो. वाळल्यावर कपड्यावर पिवळसर डाग दिसतो. खाज नाही, आग नाही, घाण वास नाही, तर यात आजार काही नाही. त्यासाठी ताकदीच्या बाटल्या पिण्याची गरज नाही. अशक्तपणा खरोखरच वाटत असेल तर रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते कमी असेल तर त्याचं कारण बहुधा लोहाच्या कमतरतेत सापडेल.

आता बुरशी. हिचं नाव कॅन्डिडा. लॅटिन भाषेत पांढऱ्याला जो शब्द आहे त्यावरून ते आलं. आंबवण्याच्या कामी येणारं यीस्ट आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याच जातकुळीतली ही. आपल्या तोंडात, आतड्यात ती एरवीही असते. काही त्रास नसलेल्या निरोगी शंभर स्त्रिया तपासल्या तर त्यांतल्या दहा ते वीस जणींच्या योनीमार्गात ती सापडते. ती तिथे गुपचूप असते. पण काही कारणानं तिथला समतोल बिघडला की ती भराभर वाढते आणि त्रास सुरू होतो. दर चार स्त्रियांपैकी तिघींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो असा अंदाज आहे. म्हणजे तुम्हाला झाला असेल तर तुमच्या वाड्यात, तुमच्या कचेरीत, तुमच्या भिशीच्या मंडळातही तो कुणाकुणाला होऊन गेलेला आहे. कुणी बोललेलं नसतं एवढंच.

या त्रासात खाज हे मुख्य लक्षण. बाहेरची त्वचा लाल होते, सुजते, कधी तिला बारीक चिरा पडतात. लघवी करताना त्या जागी झोंबतं, आणि बाई समजते की लघवीला संसर्ग झाला. नवऱ्याजवळ जाताना दुखतं. स्राव पांढरा, दाट, गुठळ्यांचा असतो आणि त्याला फारसा वास नसतो. ही वासाची खूण लक्षात ठेवा. पातळ, करड्या रंगाचा आणि मासळीसारख्या वासाचा स्राव असेल तर तो बहुधा जंतूंचा समतोल बिघडल्यानं होणारा वेगळा आजार असतो. हिरवट पिवळा, फेसाळ, घाण वासाचा स्राव असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा संशय घ्यावा लागतो. या तिन्ही आजारांची औषधं वेगवेगळी आहेत. बुरशीवरची गोळी ट्रायकोमोनासला लागू पडत नाही. आणि मासळीच्या वासाच्या त्रासावर दिलेल्या गोळ्या बुरशीचं काहीच बिघडवत नाहीत, उलट काही वेळा त्यांच्यामुळे बुरशीला मोकळं रान मिळतं.

यावर मैत्रिणी म्हणतील, मग खुणा पाठ करून आमचं आम्हीच ओळखू की! तेवढं सोपं नाही. अमेरिकेत बुरशीचं औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळतं. तिथे ते स्वतःच्या अंदाजानं विकत घेणाऱ्या ९५ स्त्रियांना तपासलं, तेव्हा त्यांतल्या साधारण एक तृतीयांश जणींनाच निव्वळ बुरशीचा संसर्ग निघाला. बाकीच्यांना दुसरंच काही होतं, दोन आजार एकत्र होते, किंवा काहीच नव्हतं. ही पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. चांगल्या शिकल्यासवरल्या बायकांचा अंदाज चुकतो, आम्हा डॉक्टरांचाही नुसतं ऐकून चुकतो. म्हणून तपासणी.

या तपासणीचा बागुलबुवा झालेला आहे. प्रत्यक्षात ती पाच-दहा मिनिटांची असते. स्रावाचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की इतर पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे स्पष्ट दिसतात. रंग बदलणारी कागदी पट्टी लावून आंबटपणा पाहतात. बुरशीत तो नेहमीसारखाच राहतो, बाकीच्या दोन आजारांत सहसा कमी झालेला असतो. दुखत नाही. लग्न न झालेल्या मुलीच्या बाबतीत बाहेरून पाहून आणि कापसाच्या बारीक काडीनं नमुना घेऊन काम भागतं, हे आयांनी लक्षात घ्यावं. कितीतरी मुलींचा त्रास केवळ 'लग्नाआधी तपासणी नको' म्हणून लांबवला जातो.

जिथे सूक्ष्मदर्शक नाही तिथे काय? सरकारी आरोग्य केंद्रांसाठी त्याचाही विचार झालेला आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात लक्षणांवरून द्यायच्या औषधांची रंगीत पाकिटं तयार केली गेली. योनीस्रावासाठीच्या हिरव्या पाकिटात बुरशीवरची फ्लुकोनॅझोल आणि इतर दोन आजारांवरची सेक्निडॅझोल अशी दोन्ही औषधं घातली होती. दूरच्या गावातली बाई पुन्हा येईलच याची खात्री नसताना हा मार्ग शहाणपणाचा आहे, असं माझं मत. पण शहरात, प्रयोगशाळा शेजारी असताना, कुणी न तपासता दर वेळी अशीच मिश्र औषधं लिहून देत असेल तर 'मला नेमकं काय झालंय?' असं विचारायला बाईनं कचरू नये.

नक्की बुरशीच असेल, तर उपचाराचे दोन मार्ग आहेत. एक, योनीमार्गात ठेवायची गोळी किंवा मलम. क्लोट्रिमॅझोल हे त्यातलं आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं औषध. ५०० मिलिग्रॅमची गोळी एकदाच ठेवतात, किंवा १०० मिलिग्रॅमची रोज एक याप्रमाणे आठवडाभर. दुसरा मार्ग, पोटात घ्यायची फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी. दोन्हींचा गुण जवळपास सारखा. साध्या संसर्गात दहातल्या आठ-नऊ जणी बऱ्या होतात. दोन-तीन दिवसांत खाज ओसरू लागते. पण आठवड्याचं औषध दिलं असेल तर खाज थांबली म्हणून तिसऱ्या दिवशी सोडू नका.

गोळी ठेवायची कशी, हे दुकानदार सांगत नाही आणि घाईत डॉक्टरही सांगत नाहीत, म्हणून मीच सांगते. ही गोळी गिळायची नाही. हसू नका, गिळलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यात दोष गिळणारीचा नव्हता. रात्री झोपताना, हात स्वच्छ धुऊन, पाठीवर निजून, गुडघे वर घेऊन बोटानं किंवा सोबतच्या नळीनं जमेल तेवढी आत सरकवायची. मग उठून कामाला लागायचं नाही, झोपायचं. सकाळी थोडा पांढरा भुगा बाहेर येईल, ते औषधच असतं. पाळी सुरू असेल तर ती थांबेपर्यंत वाट पाहिली तरी चालतं. ही मलमं आणि गोळ्या निरोधचं रबर कमकुवत करू शकतात, तेवढे दिवस त्यावर विसंबू नये.

गरोदर बाईनं पोटातली गोळी घ्यायची नाही. तिच्यासाठी योनीमार्गात ठेवायचं औषध, तेही सात दिवसांचं, आणि डॉक्टरांना विचारूनच. रक्त पातळ ठेवणाऱ्या किंवा हृदयाच्या ठोक्यांवरच्या गोळ्या सुरू असतील तर फ्लुकोनॅझोल घेण्याआधी त्या डॉक्टरांना दाखवा.

बुरशीवरच्या औषधांच्या इतिहासात एक गोष्ट मला फार आवडते. माणसाला सुरक्षितपणे देता येईल असं बुरशीवरचं पहिलं प्रतिजैविक शोधलं दोन स्त्रियांनी. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात होत्या आणि रेचल ब्राऊन ऑल्बनीत. एकीनं मातीतले सूक्ष्मजीव वाढवायचे, दुसरीनं त्यांतलं औषध वेगळं काढायचं, आणि नमुने बरण्यांत भरून टपालानं जायचे-यायचे. व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्यांच्या शेतातल्या मातीत त्यांना हवा तो जीव सापडला. १९५० साली त्यांनी आपला शोध जाहीर केला आणि न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून औषधाला नायस्टॅटिन हे नाव दिलं. त्यावर मिळालेलं लक्षावधी डॉलर्सचं मानधन दोघींनी स्वतःसाठी न घेता संशोधनाला दिलं.

आता ज्यांना हा त्रास पुन्हापुन्हा होतो त्यांच्याविषयी. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा झाला तर दर वेळी तीच गोळी घेऊन भागणार नाही, कारण शोधायला हवं. माझ्याकडे आलेली पस्तिशीतली एक बाई सांगते. तीन वर्षं खाज. दर वेळी नवरा औषधाच्या दुकानातून एक मलम आणायचा. लावलं की दोन दिवस आराम, मग आधीपेक्षा जास्त खाज. त्या मलमात बुरशीवरचं औषध होतं, जंतूंवरचं होतं, आणि त्याबरोबर जोरकस स्टेरॉइड. स्टेरॉइडनं खाज दबते, म्हणून ते 'गुणकारी' वाटतं. पण त्वचा पातळ होत जाते आणि बुरशी आरामात वाढते. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानात जाऊन पाहा, मागितलं की मिळतं. त्या बाईची रक्तातली साखर तपासली, ती उपाशीपोटी दोनशेच्या वर निघाली. तिला मधुमेह आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. वाढलेल्या साखरेवर बुरशी पोसली जाते. साखर ताब्यात आली, मलम बंद झालं, नेमकं औषध मिळालं, आणि तिची खाज गेली. तीन वर्षं दाबून ठेवलेल्या खाजेमागे मधुमेह होता. पुन्हापुन्हा बुरशी होणाऱ्या प्रत्येक बाईची मी साखर तपासते, ती या अनुभवामुळे.

मधुमेहाच्या काही औषधांचाही इथे संबंध आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात. औषधं चांगली आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडालाही फायद्याची आहेत. पण लघवीत साखर आली की त्या भागात बुरशी वाढू शकते. २०२० मध्ये भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, ते स्वस्त झालं, आणि आता कितीतरी घरांत ते घेतलं जातं. ते सुरू झाल्यावर खाज लागली असेल तर लाजून गप्प बसू नका आणि गोळी आपल्या मनानं बंदही करू नका. औषध देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. सर्दीखोकल्यासाठी उगीच घेतलेल्या प्रतिजैविकांचंही तेच. ती योनीमार्गातल्या उपकारी जंतूंनाही मारतात, आणि आठ दिवसांत खाज हजर.

वारंवार होणाऱ्या त्रासात फ्लुकोनॅझोलच्या तीन गोळ्या तीन-तीन दिवसांच्या अंतरानं देऊन मग आठवड्याला एक अशी सहा महिने देतात. कॅन्डिडाची काही भावंडं या औषधाला दाद देत नाहीत. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहावा लागतो. अशा वेळी बोरिक आम्लाची कॅप्सूल योनीमार्गात ठेवायला देतात. कॅरमच्या बोर्डावर भुरभुरतो ती बोरिक पावडर घरच्या घरी वापरण्याच्या फंदात मात्र कुणी पडू नये. ती पोटात गेली तर विष आहे आणि गरोदरपणात मुळीच चालत नाही.

एका गोष्टीसाठी मला पुरुष श्रोत्यांचंही लक्ष हवं आहे. बुरशीचा संसर्ग हा सहसा संबंधातून लागणारा रोग मानला जात नाही. कधीच संबंध न आलेल्या मुलीलाही तो होतो. तरी 'हे तुला कुठून आलं?' हा प्रश्न घरोघर विचारला जातो, आणि त्याच्या धास्तीनंच बाई दवाखान्यात येत नाही. या प्रश्नावरून माहेरी धाडलेल्या सुना मी पाहिल्या आहेत. बुरशीसाठी नवऱ्यावर उपचार करायची सहसा गरज नसते. त्याला स्वतःला खाज किंवा लाली असेल तरच तपासून औषध देतात. ट्रायकोमोनास निघाला तर मात्र दोघांनीही औषध घ्यायलाच हवं, आणि तिथे नवऱ्यानं 'मला काही होत नाही' म्हणून चालत नाही.

घरगुती उपायांपैकी तुरटीचं पाणी, कडुलिंबाचा काढा, लसूण, जंतुनाशक द्रव यांपैकी काहीही आत घालू नका. दही खा, आत लावू नका. 'खास स्त्रियांसाठी' म्हणून विकले जाणारे सुवासिक द्रवही नकोत. बाहेरून साध्या पाण्यानं धुणं पुरेसं आहे. आतली स्वच्छता शरीर आपली आपण करतं. पावसाळ्यात ओले, दमट कपडे अंगावर फार वेळ ठेवू नका, सुती वापरा. आणि आतले कपडे दोरीवर साडीच्या आड, सावलीत, कुणाला दिसणार नाहीत असे वाळत घालायची आपली रीत आता सोडा. अर्धवट ओला कपडा त्वचेला त्रास देतो. त्यांना ऊन दाखवा.

पाळी कायमची गेलेल्या बाईला बुरशी क्वचित होते. तिला खाज येत असेल तर कोरडेपणा किंवा त्वचेचा वेगळा आजार असू शकतो, म्हणून तिनं मलम न लावता आधी तपासून घ्यावं. स्रावात रक्ताचा अंश, पाण्यासारखा घाण वासाचा स्राव, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसणं, ही लक्षणं गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचीही असू शकतात. ओटीपोटात दुखून ताप येत असेल तरीही थांबू नये. या बाबतीत 'पांढऱ्याचं औषध' घेत बसायला वेळ नसतो.

तपासणीला येताना दोन दिवस आधीपासून आत कुठलंही औषध ठेवू नका, आतून धुऊ नका. पाळीचे दिवस टाळा. आधी घेतलेल्या औषधांची पाकिटं, अगदी रिकामीसुद्धा, पिशवीत घालून आणा, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसकट. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर ते आधी सांगा. आणि सोबतच्या माणसासमोर बोलणं अवघड वाटत असेल तर नर्सबाईंच्या कानात एवढंच सांगा, 'मला एकटीला बोलायचंय.' सोबतच्यांना बाहेर बसवायचं काम आम्ही करतो.